पार्वतीचा डावा हात

मालवणजवळच्या कट्टा गावच्या बाजारात तोंडवलीच्या पार्वतीकडून सुरमई घ्यायची तर दोन गोष्टी जवळ लागतात, पिशवी आणि हिंमत. पिशवी विसरलात तर ती देईल. हिंमत तुमची तुम्ही आणायची. कचेरीतल्या एका बड्या साहेबाला तिनं भर बाजारात ऐकवलं होतं, "सायबानू, माशाचो डोळो बघा, माझो कित्याक बघतास?" तो साहेब आजही तिच्याकडूनच मासे नेतो, आणि मुकाट्यानं डोळे बघून नेतो.

पण अशा बाईलाही कुणाची तरी भीती होतीच. समुद्राची नव्हे, पोलिसाची नव्हे, भुताची तर नव्हेच. दाताच्या डॉक्टरची! आणि देवाची करणी अशी, की दाताची डॉक्टर तिच्या घरातच नांदत होती. तिची सून, प्रियांका.

प्रियांका कुडाळची. निकेतशी लग्न करून तोंडवलीला आली आणि दसऱ्याला तिनं कट्ट्याला बस स्टॉपसमोर आपला दवाखाना उघडला. खुर्ची कोल्हापूरहून आली, पाटी मालवणहून. निकेतनं पर्यटकांची होडी दोन दिवस बंद ठेवून स्वतः भिंतींना रंग दिला. जानेवारी उजाडला तरी दवाखान्यात आलेली माणसं बोटांवर मोजण्याइतकी. एका मुलाचा दुधाचा दात, एका मास्तरांची कवळी, आणि बाकीचे आचऱ्याची गाडी कधी आहे ते विचारायला आलेले.

इकडे पार्वतीची उजवीकडची खालची दाढ दोन महिने ठणकत होती. तिनं काय करावं? गालात लवंग धरली. जेवण डावीकडून सुरू केलं. बांगडा डावीकडून, भाकरी डावीकडून, सुपारी तर बंदच. सुनेनं विचारलं की म्हणायची, "माका काय झाला हा? माझे दात मोरी माशाच्या दातांपेक्षा घट आसत." आणि पदराआड लवंग या गालातून त्या गालात सारायची.

ही भीती आजची नव्हती. नऊ वर्षांची असताना तिचा दात दुखायला लागला, तेव्हा तिला जत्रेत बसणाऱ्या एका दातवाल्याकडे नेलं होतं. दोन मामांनी तिचे दोन हात धरले. तो दातवाला पक्कड आत घालून म्हणत राहिला, "झालाच बाय, झालाच, वायच दम धर." काही झालं नव्हतं. अर्धा दात तुटला होता, अर्धा आत होता, आणि ती ओरडत होती तरी कुणी थांबत नव्हतं. दुखणं ती केव्हाच विसरली. ते धरलेले हात मात्र बावन्न वर्षांत सुटले नव्हते.

त्या सोमवारी रात्रीच्या जेवणाला प्रियांकानं विषय काढला. आढेवेढे न घेता, जसं तिचं सगळंच होतं.

"आई, बाबा, पुण्याच्या एका दवाखान्यातून बोलावणा इला हा. शनिवारपर्यंत सांगूचा आसा. हय कोण येणा नाय. मी रिकामी खुर्ची पुसान पुसान कटाळलंय."

"आणि निकेत?" सहदेवनं विचारलं. सहदेव म्हणजे पार्वतीचा नवरा. जन्म होडीवर गेलेला, तोंडातून शब्द मोजून काढणारा.

निकेत ताटाकडे बघत म्हणाला, "ती गेली तर मी पण जातलंय, बाबा."

घरातली ही तरुण माणसं गेली तर मागे दोन म्हातारी आणि एक कुत्रा उरणार. पार्वतीला घास गिळवेना, आणि यावेळी दाढेचा काही दोष नव्हता.

दुसऱ्या दिवशी बाजारात ती माशांची पाटी घेऊन जरा उशिरा पोहोचली. खांबाआडून तिला जानकीचा आवाज ऐकू आला. जानकी सुके मासे विकते, पार्वतीच्या शेजारी तिची वीस वर्षांची जागा. बोलणं असं, की सुक्या बोंबलालाही पाणी सुटावं.

"पार्वतीच्या गालात दोन म्हयने लवंग आसा, आमका काय वास येणा नाय? घरात डॉक्टर आसान सासू दात दाखवणा नाय, मगे आमी कित्याक जावचा? आमका काय पिसा लागला?"

दुसरी कुणी असती तर पार्वतीनं तिची पाटी पालथी घातली असती. पण तिच्या लक्षात आलं, की जानकी खरं बोलतेय. सुनेच्या दवाखान्याला टाळं लावायची वेळ आली होती, आणि किल्ली पार्वतीच्याच गालात होती. तिला स्वतःची इतकी लाज वाटली, की त्या दिवशी तिनं पापलेटाचा भाव एकदाच सांगितला आणि गिऱ्हाईक म्हणालं तेवढ्याला दिलं. बाजार चकित झाला.

दुपारी तिनं दवाखान्याच्या दारात उभं राहून सुनेला सांगितलं, "शुक्रवारी अकरा वाजता माझो नंबर लाव. दाढ काढूची आसा." आणि उत्तराची वाट न बघता निघून आली. तोंडातून शब्द गेला होता. आता मागे फिरायची सोय नव्हती.

मग काय विचारता! शुक्रवारपर्यंत जो तो वैद्य झाला. शेजारच्या वाडीतली सेवरीना, जी बाजारात भाजी आणि फुलं विकते, ती गवती चहाची जुडीच घेऊन आली.

"साकर नको घालू. कोमट पी. आणि मगे नाकातल्या नाकात चर्चातला कांतार गुणगुण. माझ्या फ्लाव्हियाच्या बाळंतपणाक मी आस्पितळाच्या बाकड्यार बसान ह्याच केलंय. जीव कसो थाऱ्यार येता बघ."

"माका कांतारा येणत नाय गो."

"मगे आरती गुणगुण. देवाक काय, सूर पोचलो म्हणजे झाला."

जानकीनं ओवा आणि कापराची पुरचुंडी दिली, हुंगायला. देताना डोळा मारायला विसरली नाही. पार्वतीनं "माका काय गरज?" म्हणत ती घेतली आणि कमरेला खोचली.

सहदेव मात्र गुरुवारी संध्याकाळी तिला किनाऱ्यावर घेऊन गेला. दोघं वाळूत बसली. त्यानं समोरच्या लाटेकडे बोट केलं.

"लाट येता तेवा श्वास घे," तो म्हणाला. "परत जाता तेवा सोड. येताना लाट घायत आसता, जाताना आरामात जाता. तशी सोड. घेतलस तेच्यापेक्षा सोडूक जास्त वेळ लाव. पैल्यांदा होडयेत बसतत त्या पोरांका मी ह्याच सांगतंय."

"मी भियतंय, असा कोणी सांगल्यान तुका?"

"चाळीस वरसा झाली," सहदेव म्हणाला. "माका कोणी सांगूक होया?"

पार्वती लाटांबरोबर श्वास घेऊ लागली. पहिल्या दहा लाटा रागात गेल्या. मग राग कधी उतरला ते तिलाच कळलं नाही.

शुक्रवारी पहाटे मात्र तिनं घोळ घातलाच. सेवरीनानं एक कप सांगितलेला गवती चहा तिनं तीन तांबे प्यायला. जास्त प्यायला की जास्त गुण, हा तिचा हिशेब. परिणाम असा झाला, की कट्ट्याला जाताना ड्रायव्हरला दोनदा गाडी थांबवावी लागली, आणि तोही बिचारा तिच्या तोंडाला भिऊन थांबला. आरती गुणगुणताना शेजारच्या बाईनं टाळ्या धरल्या. ओवा-कापूर हुंगून सात शिंका आल्या. भीती होती तिथेच होती, वर नाकही चोंदलं.

अकराला पाच कमी असताना ती पाटी जानकीकडे सोपवून दवाखान्यात शिरली. बाजार थांबला म्हणा ना! खिडकीची काच बाजाराकडेच होती.

आत प्रियांका पांढऱ्या कोटात. कोट अंगात घातला की तिची मालवणी कुठच्या कुठे जायची.

"बसा. पूर्ण नाव सांगा."

"गो, माझा नाव तुका ठावक नाय?"

"आई, इथे सगळ्यांना विचारते." तिनं नाव लिहिलं, वय लिहिलं. "दाताच्या उपचाराची भीती वाटते का?"

"नाय!"

प्रियांकानं "नाही" लिहिलं आणि दंडाला पट्टा बांधला. यंत्र घरघरलं. तिनं आकडा बघितला, पुन्हा लावलं, पुन्हा बघितला.

"एकशे सत्तर. आई, हे यंत्र खोटं बोलत नाही."

"मगे दुसरा आण."

"इतक्या प्रेशरवर मी दाढेला हात लावणार नाही. आज घरी जा. पुढच्या आठवड्यात बघू."

पुढच्या आठवड्यात! उद्या शनिवार होता. उद्या पुण्याला फोन जाणार होता. आणि आता बाहेर पडलं की काचेपलीकडे जानकी उभी. पार्वतीनं जन्मभर तोंडाच्या जोरावर दुनिया हाकली, पण त्या दंडाच्या पट्ट्याशी भाव करता येत नव्हता.

"माका धा मिन्टा दी," ती म्हणाली, आणि भिंतीलगतच्या बाकड्यावर जाऊन बसली.

पाय जमिनीला टेकवले. डोळे मिटले. समुद्र तिथून बारा कोस नसला तरी जवळही नव्हता, पण जन्म ज्याच्या काठावर गेला तो बोलवावा लागत नाही. लाट आली, तिनं श्वास घेतला. लाट वाळूवरून पसरत, फेस सोडत, आरामात मागे गेली, तसा तिनं सोडला. खांदे कानांपाशी चढले होते ते खाली आले. दात एकमेकांवर दाबलेले होते ते सुटले. ना जास्त, ना कमी. बरोब्बर सहदेवनं सांगितलं तेवढं.

दहा मिनिटांनी यंत्र एकशे बेचाळीसवर आलं. प्रियांकानं भुवया उंचावल्या. "काय केलंत?"

"तुझ्या सासऱ्याक विचार." मग पार्वतीनं खुर्चीत बसता बसता तो कागद बोटानं दाखवला. "ता 'नाही' खोड. 'व्हय' लिही. माका भय वाटता. लय वाटता."

साठ वर्षांत हे वाक्य तिनं पहिल्यांदा उच्चारलं. छप्पर कोसळलं नाही.

"कसली भीती? सुईची?" प्रियांकानं हळू विचारलं.

"सुयेचा काय घेऊन बसलस? शिंगाळ्याचे काटे हातात मोडलेत माझ्या. धरून ठेवतत, तेचा भय." आणि तिनं जत्रेतली ती गोष्ट सांगून टाकली. दोन मामा, ती पक्कड, ते "झालाच बाय, झालाच." सगळं.

प्रियांका ऐकत राहिली. मग तिनं आपलं स्टूल मागून काढून पुढे घेतलं, पार्वतीला तोंड दिसेल असं.

"तुम्हांला इथे कोणी धरणार नाही. दोन्ही हात मोकळे. डावा हात वर केलात की मी थांबणार. का, कशाला, काही विचारणार नाही."

"परशुरामासारखा?" पार्वतीनं विचारलं.

आता हा परशुराम कोण ते सांगायला हवं. तोंडवलीच्या किनाऱ्यावर मासळीचे वाटे तो विकतो. मोठ्या बंदरावर भाव खालून वर चढतो. परशुरामाची रीत उलटी. तो वरून खाली येतो, आठशे, साडेसातशे, सातशे, आणि जिचा हात आधी वर जाईल, वाटा तिचा. हात वर गेला की परशुरामाचं तोंड तिथल्या तिथे बंद. आणि बाईनंही वर गेलेला हात मागे घ्यायचा नाही. बायकांचा उजवा हात डोक्यावरच्या पाटीला असतो, म्हणून डावा वर जातो. एका वर्षी परशुराम आजारी पडला आणि पुतण्या जितेंद्र विकायला उभा राहिला. त्याला म्हाताऱ्या बायकांचे हात "दिसत" नव्हते. चौथ्या दिवशी पार्वतीनं त्याच्या डोक्यावर खाऱ्या पाण्याची बादली ओतली. तेव्हापासून त्याला हात दिसतात.

"परशुरामासारखंच," प्रियांका म्हणाली. "अर्ध्यावर असले तरी थांबेन."

"बघूया," पार्वती म्हणाली, आणि आ केला.

प्रियांकानं छोटा आरसा आत घातला मात्र, हात वर! प्रियांकानं आरसा काढला, हात मांडीवर ठेवले, गप्प बसली. पार्वतीला काहीच दुखलं नव्हतं. नव्या विकणाऱ्याला आधी पारखून घ्यायचं असतं. तिनं हात खाली घेतला.

हिरडीला बधिर करायचं मलम लावताना पुन्हा हात वर. पुन्हा सगळं थांबलं. कपाळाला आठी नाही, सुस्कारा नाही.

सुई झाली. ती झाली हेच पार्वतीला नंतर कळलं, कारण तेव्हा लाट मागे जात होती. जबडा जड झाला आणि हात तिसऱ्यांदा वर गेला. प्रियांका थांबली. पार्वती उठून बसली, खिडकीकडे वळली आणि अर्ध्या बधिर तोंडानं ओरडली, "गो जानके, काचेवयलो तुझो नाक काढ! माका उजेड येणा नाय!" काचेवरचं नाक नाहीसं झालं. ती परत टेकली.

मग खरं काम सुरू झालं. दुखत नव्हतं, पण दाब येत होता. दाढ हलत होती आणि हाडातून करकर असा आवाज थेट कानात येत होता. तोच आवाज. पार्वती एकदम नऊ वर्षांची झाली. लाट कुठे गेली, समुद्र कुठे गेला, काही कळेना. दोन्ही मनगटांवर कुणीतरी बोटं आवळल्यासारखं वाटलं. हात उचलेना. तिनं सगळा जीव एकवटला आणि डावा हात वर केला. वर, सरळ, ताठ.

दाढ अर्धी बाहेर होती. अजून एक पीळ आणि काम झालं असतं. कुठल्याही डॉक्टरनं म्हटलं असतं, झालंच, एक मिनिट. प्रियांकाच्या ओठांवरही ते आलं असेल, कोण जाणे. ती बोलली नाही. तिनं पक्कड काढली, ट्रेमध्ये ठेवली, आणि दोन्ही हात मांडीवर घेऊन बसली.

पार्वतीनं वर बघितलं. तिचा हात तिथे होता. कुणी धरलेला नव्हता. तो दिसला होता, मानला गेला होता. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं, आणि ते दुखण्याचं नव्हतं.

प्रियांकानं ते पुसलं नाही, विचारलंही नाही. फक्त इतकंच म्हणाली, आणि यावेळी कोटातली भाषा गळून पडली होती, "आई, मी बसलंय हय. तुमका होया तेवा."

पार्वतीनं लाट बोलावली. एक आली, गेली. दुसरी आली, गेली. तिसरी परतताना तिनं स्वतःहून हात खाली घेतला आणि तोंड उघडलं. चौथी लाट परतायच्या आत दाढ ट्रेमध्ये टणकन वाजली.

बाहेर सगळा बाजार रस्त्यावर आलेला. गालात कापसाचा बोळा दाबून पार्वती दारात आली. जानकीनं पुढे होऊन विचारलं, "काय गो? दुखला?"

पार्वतीला बोलायची बंदी होती. अर्धा तास बोळा चावून धरायचा होता. वीस वर्षांत जानकीला तिच्याकडून उत्तर मिळालं नाही असं कधी घडलं नव्हतं. पार्वतीनं हातातली कागदाची पुडी सोडली, तिच्यातली दाढ उचलली आणि जानकीच्या सुक्या बांगड्यांच्या टोपलीत नेमकी मधोमध ठेवली. मग ओठांच्या एकाच बाजूनं हसली.

"सायबा भोगोस!" देवाची क्षमा मागत सेवरीनानं छातीवर क्रूस काढला. तिनं वाकून दाढेची मुळं नीट निरखली, पार्वतीच्या कोरड्या चेहऱ्याकडे बघितलं, आणि डोक्यावरची फुलांची टोपली खाली ठेवली. "सर गो जानके, वाट दी. माझो वयलो दात चार वरसा हलता हा."

तिच्यामागे आणखी दोघी बाकड्यावर जाऊन बसल्या. तिसरी जानकी. ती फक्त सोबतीला आले म्हणाली, पण आपला गाल धरून म्हणाली.

पार्वती दाराशेजारच्या कट्ट्यावर बसून होती. आतून सुनेचा आवाज येत होता, "डावो हात वर केलास की मी थांबतलंय, मावशे. कित्याक ता विचारूचंय नाय." सेवरीना विचारत होती, "खरा?" आणि पार्वतीला उत्तर द्यायची एवढी घाई झाली, की बोळा पडता पडता राहिला.

दीडच्या सुमाराला बाकडं रिकामं झालं. प्रियांका बाहेर आली, मास्क गळ्यात ओढला आणि सासूशेजारी टेकली. दमली होती. हातात फोन होता.

"आई, पुण्याची लोका आजच विचारतत," ती म्हणाली. नजर फोनवरच होती. "एका दिवसान काय ठरवूचा? फुडल्या म्हयन्यात परत कोणी इलाच नाय तर? तुमका काय वाटता? जावचा की..."

अर्धा तास केव्हाच उलटला होता. पार्वतीला बोळा काढून हवं ते बोलता आलं असतं. बोलण्यात तिचा हात कोण धरणार?

तिनं बोळा काढला नाही. डावा हात वर केला. वर, सरळ, ताठ, किनाऱ्यावर पहाटे पहिला वाटा घेताना करते तसा.

प्रियांका बोलता बोलता थांबली. त्या हाताकडे बघत राहिली. हात खाली येईना. मग तिनं फोन कोटाच्या खिशात टाकला आणि पुढे काही विचारलं नाही.